बारदानाचा बोळा

१

कुसुम पोतनीस बुधवारी सकाळी अंघोळीला गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. साडेसातला सुनेने दार ठोठावलं, पावणेआठला मुलाने ते फोडलं, आणि नऊ वाजायच्या आत उज्जैनच्या माधव नगरातल्या चार गल्ल्यांत सगळ्यांना ठाऊक झालं की हे काम कोणाचं. प्लंबरचं. नव्या प्लंबरचं. ते पोरगं घरोघर कार्ड वाटत फिरत होतं ना, त्याचं.

ती कार्डं ज्यांनी हौसेने छापून घेतली होती त्या चारुलता दिघे तेव्हा पोतनीसांच्या मागच्या अंगणात उभ्या होत्या. पाणीपुरवठ्याच्या सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढून त्या उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, म्हणून निवृत्त झालेल्या. माणसांपेक्षा पाइप बरे, असं त्यांचं मत होतं. पाइप जिथे फुटतो तिथेच ओला होतो, उगाच शेजाऱ्याकडे बोट दाखवत नाही.

त्यांच्या बाजूला पराग उभा होता, धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा बारा वर्षांचा होता, तेव्हापासून मावशीकडेच वाढला. आयटीआय केलं, मग सहा वर्षं देवास गेटच्या गेंदालाल मिस्त्रीच्या हाताखाली राबला, आणि महिन्याभरापूर्वी, तुळशीची लग्नं आटोपल्यावर, मावशीच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःचं दुकान उघडलं. 'पराग प्लंबिंग सर्व्हिस'. पहिलं मोठं काम पोतनीसांचंच. खाली कुसुमताईंच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवायचा आणि वर यात्रेकरूंसाठी दोन नवीन बाथरूम करायची. महाकालच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या भरवशावर निम्मं माधव नगर होमस्टे व्हायला निघालं होतं, त्यात पोतनीस मागे कसे राहतील.

गीझरमधला जळका वायू बाहेर जावा म्हणून न्हाणीघराच्या भिंतीतून एक पाइप मागच्या अंगणात काढलेला होता. तो अंगणातल्या जिन्याच्या अगदी लगत होता. पोलीस ठाण्याच्या प्रमुख, टीआय राठौर मॅडम खाली उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांचा हवालदार जिन्याच्या चौथ्या पायरीवरून वाकून पाइपाच्या तोंडात बोटं घालत होता. दोन बोटं लांबीची तपकिरी शेपटी त्याच्या हाताला लागली. ती धरून त्याने ओढली, तर बारदानाचा घट्ट वळलेला बोळा बाहेर आला.

"ये क्या है?" मॅडमनी विचारलं.

परागच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काम चालू असताना पाइपात सिमेंट-खडी पडू नये म्हणून असा बोळा कोंबून ठेवतात आणि काम झालं की काढतात, एवढं त्याने कसंबसं हिंदीत सांगितलं. आतून निघायची वाट बंद झाली की वायू न्हाणीघरातच साठणार, हे सांगायची कोणाला गरज उरली नव्हती. थंडीमुळे खिडकीही बंद होती.

"तो निकाला क्यों नहीं?"

 पराग मावशीकडे वळला आणि हळूच मराठीत म्हणाला, "मावशी, बोळ्याची ही घडी माझीच आहे."

२

पोस्टमॉर्टेमनंतर कुसुमताईंना चक्रतीर्थाच्या स्मशानात नेलं. पराग गेला, पण लांब उभा राहिला. परत आला तो तडक गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसला.

कुसुमताईंच्या मुलाच्या, निखिलच्या, वकिलाने निरोप पाठवला होता. उद्या चार वाजता ठाण्यात बयान आहे. परागने सरळ लिहून द्यावं की बोळा काढायचा विसरलो, चूक झाली, माफी असावी. कोर्टही नवा मुलगा म्हणून सांभाळून घेईल. कोर्टकचेरीची लांबण दोघांनाही नको.

"मी सही करून देतो," पराग म्हणाला.

"तू विसरलास का?"

"माहीत नाही न, मावशी. काढला असं मला वाटतं. पण बारा दिवस होऊन गेले. टेस्टिंग केलं, ज्योत बरोबर जळत होती, दोन मिनिटं चालवून बंद केलं. मग त्या पुण्याला बहिणीकडे गेल्या आणि मी वरच्या कामाला लागलो. त्या मंगळवारी परत आल्या. आज पहिल्यांदाच कोणी तो गीझर चालवला. माझ्या हाताने एक माणूस गेलं, मावशी. सही केली काय नि नाही केली काय."

चारुलताबाईंना हे ऐकवेना. तुरुंगाची त्यांना तितकी भीती नव्हती. त्यांना भीती होती ती या सव्वीस वर्षांच्या पोराने उरलेला जन्म आपण कोणाला तरी मारलं असं समजून काढावा, याची. एकदा सही झाली की ते खरंच होऊन बसणार. आणि त्याने ते खरोखरच केलं असेल, तर? तर त्यांनाच त्याच्या शेजारी बसून ती सही करवून घ्यावी लागली असती. भाचा म्हणून त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"तुझ्या उस्तादांनी तुला गाठी शिकवल्या होत्या न?" त्यांनी एकदम विचारलं.

ही गेंदालालच्या घराण्याची रीत होती. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा धर्मशाळेत विसरलेल्या एका बोळ्यापायी दोन खोल्या मैल्याने भरल्या होत्या, तेव्हापासूनची. हत्यारांच्या पिशवीच्या कडीला वीतभर सुतळी बांधलेली असायची. पाइपात एक बोळा घातला की सुतळीला एक गाठ मारायची. बोळा काढला की गाठ सोडायची. गाठ सोडायची ती स्वतःच्या हाताने बोळा काढल्यावरच. दुसऱ्या कोणी काढला तर ती गाठ तशीच राहायची, डोळ्यांसमोर, अद्दल म्हणून.

 सकाळपासून परागने पिशवीला हात लावला नव्हता. चारुलताबाईंनीच ती खुंटीवरून काढली आणि सुतळी दिव्याखाली धरली.

सुतळीला एक गाठ होती.

३

मराठी घरात मयत झालं की तेरा दिवस शेजारपाजारचे, सोयरे-धायरे जेवण पोचवतात. उज्जैनला येऊन पिढ्या लोटल्या तरी ही रीत काही सुटली नाही. गुरुवारी सकाळी चारुलताबाई पिठलं-भाताचा डबा घेऊन पोतनीसांकडे गेल्या. ज्याच्या हातून माणूस गेलं म्हणतात त्याच्याच घरचा डबा. पण अमृता, म्हणजे सून, दारातच त्यांच्या गळ्यात पडली.

"काकू, मीच परागला बोलावलं होतं हो. आईंना तर बदल नकोच होता. म्हणायच्या, गेंदालाल तीस वर्षं येतो, त्याला काय धाड भरलीये? मीच जबरदस्ती केली."

"वरच्या बाथरूमांनाही त्यांचा विरोध होता?"

अमृताने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाली, "होमस्टेलाच होता. घर त्यांच्या नावावर. माझ्या जिवंतपणी इथे परकी माणसं न्हाणार नाहीत, असं म्हणाल्या. निखिल त्यांना पुण्याहून समजवायलाच घेऊन आला."

निखिल आतून बाहेर आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. डबा बघून त्याचा चेहरा आक्रसला.

"काकू, परागचं बयान आज होऊन जाईल न? पोलिसांनी मागची बाजू बंद करून ठेवलीये. पुढच्या आठवड्यात पहिले यात्री येणार होते, तेही..." बोलता बोलता आपण काय बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं. "तसं नाही. मला फक्त हे संपवायचंय."

आई जाऊन एक दिवस झाला आणि याला यात्रेकरूंची काळजी. चारुलताबाईंच्या मनात पाल चुकचुकली. घर आईच्या नावावर, आई आडवी आलेली, आणि आई नसताना सगळं सुरळीत. पण मनात आलं म्हणून माणसाला फासावर द्यायचं नसतं.

"या दिवसांत मागच्या बाजूला कोणकोण आलं होतं?" त्यांनी अमृतालाच विचारलं.

"पराग गेल्या गुरुवारपासून नव्हताच. नागद्याच्या कामाला गेला होता न, मंगळवारी रात्री आला. शनिवारी रंगवाला आला. काय सांगू काकू, कसला घाईतला माणूस. मागच्या भिंतीला प्राइमर मारून गेला, तर नळ, पाइप, तुळशीची कुंडीसुद्धा पांढरी करून ठेवली. मग मंगळवारी आई आल्या, तर गेंदालाल भेटायला आला. आईंनी त्याला चहा दिला. वर त्याचा एक पाना राहिला होता जुना, तो घ्यायला गेला आणि गेला. बस. फालतूचं कोणी येत नाही आमच्याकडे."

हवालदार फाटकाशी तंबाखू मळत बसला होता. चारुलताबाई एकतीस वर्षं सरकारात होत्या, हवालदाराशी कसं बोलायचं ते त्यांना शिकवायला नको. तो म्हणाला, देखो, पर छूना मत. त्या मागच्या जिन्याने हळूहळू वर चढल्या. भिंतीला हात टेकला तर तळवा पांढरा झाला. गीझरच्या पाइपाचं तोंड चौथ्या पायरीवरून हाताला येत होतं. शिडी लागली नसती, की स्टूलही.

त्या आणखी वर गेल्या. वरच्या अर्धवट बाथरूमचा सांडपाण्याचा पाइप त्याच भिंतीतून बाहेर काढलेला होता, अजून पुढे जोडायचा राहिलेला. त्याच्या तोंडात बारदानाचा बोळा होता.

पायऱ्यांवरच बसून त्यांनी डोळे मिटले. परागच्या सुतळीला एक गाठ, आणि परागचा एक बोळा, जिथे असायला हवा तिथे. हिशोब चोख होता.

मग खालचा बोळा कोणाचा?

४

"मैडमजी, एक बोरे का टुकड़ा देखना है बस," चारुलताबाई ठाण्यात म्हणाल्या.

राठौर मॅडमना या बाईंविषयी थोडा आदर होता आणि पुष्कळ कंटाळा. त्यांनी पुराव्याची पिशवी टेबलावर ठेवली. चारुलताबाईंनी हात न लावता, चष्मा नाकावर खाली ओढून बोळा नीट पाहिला. मग त्या बोलू लागल्या. मॅडमच्या बाजूला बसून पराग ऐकत होता. तो बयानाच्या वेळेआधीच दोन तास येऊन बसला होता.

वरच्या पाइपातल्या बोळ्यालाही अशीच शेपटी आहे, त्या म्हणाल्या. ती शेपटी पांढरीफेक आहे. शनिवारी रंगवाल्याने भिंतीबरोबर तीही रंगवली. हा खालचा पाइप त्याच भिंतीत आहे आणि त्याचं तोंडही पांढरं झालंय. मग या बोळ्याची शेपटी तपकिरी कशी? शनिवारी ती तिथे नव्हतीच. बोळा शनिवारनंतर घातला गेला, आणि पराग गुरुवारपासून मंगळवार रात्रीपर्यंत नागद्याला होता. तिथल्या मालकाला फोन करून विचारा.

मॅडम सरळ बसल्या. परागने मान वर केली, पण त्याला अजून पटलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेलं, ताकही फुंकून पिणार.

"तो बेटे ने किया?" मॅडमनी विचारलं. निखिलबद्दल त्यांच्याही कानावर आलं होतं.

चारुलताबाईंनी मान हलवली. याच उत्तरासाठी त्या सकाळपासून स्वतःशी भांडत होत्या. निखिलने केलं असतं तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं. पण निखिल बारदान कोंबेल तर मुठीने कोंबेल. हा बोळा तीन घड्यांचा आहे, वळून बसवलेला आहे. ही घडी या शहरात एकाच माणसाने एकाच माणसाला शिकवली. आणि दुसरं असं, की ज्याला मारायचं असतं तो शेपटी बाहेर ठेवत नाही. शेपटी ठेवतात ती बोळा परत काढता यावा म्हणून. ज्याने हा बोळा घातला त्याच्या मनात तो दुसऱ्या दिवशी काढायचा होता.

 मग पराग उठून उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला. "मावशी, नाही. उस्ताद असं नाही करणार."

"मुझे दो घंटे दीजिए," चारुलताबाई मॅडमना म्हणाल्या. "मैं उनको खुद लेकर आती हूँ."

५

देवास गेटला हार्डवेअरच्या दुकानांपुढे मिस्त्री लोक सकाळी पिशव्या घेऊन बसतात. कोणाला मजूर लागला, प्लंबर लागला, की येऊन घेऊन जातात. दुपारी बारापर्यंत ज्याला काम मिळालं तो गेलेला असतो. अडीच वाजत आले तरी गेंदालाल बसलेलाच होता. सत्तरीला आलेला, डोक्याला मफलर, पाय पोटाशी घेतलेले. एके काळी त्याला घरी बोलवायला चिठ्ठी पाठवावी लागायची.

"आओ बाईजी," तो म्हणाला. त्याने बसायला पोतं सरकवलं. चारुलताबाई फूटपाथवर त्याच्या शेजारी बसल्या. सकाळपासून जिने चढून त्यांचे गुडघे बोलत होते.

"काम कैसा चल रहा है, गेंदालालजी?"

"दो महीने से किसी का एक नल नहीं खोला. लोगों को अब मोबाइल वाला मिस्त्री चाहिए."

त्याची पिशवी दोघांच्या मध्ये होती. कडीला वीतभर सुतळी, घामाने आणि तेलाने काळी पडलेली.

त्या सुतळीलाही एक गाठ होती.

चारुलताबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. गेंदालालने त्यांची नजर पाहिली आणि सुतळीवर हात ठेवला. मग तो हात त्याने स्वतःच काढून घेतला.

"कल सुबह छह बजे से फोन हाथ में लेकर बैठा था," तो म्हणाला. "सोचा था, अभी निखिल भैया का फोन आएगा. गेंदालाल, जल्दी आ, नए लड़के ने क्या कर दिया देख. मैं जाता, दो मिनट में बोरा खींच देता. बाई कहती, अपना पुराना मिस्त्री ही अच्छा. बस इतना ही, बाईजी. सौगंध."

"और वो मर जाएगी, ये नहीं सोचा?"

"मरेगी कैसे?" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "चालीस साल बंब लगाए मैंने. बंब की चिमनी में बोरा ठूँसो तो धुआँ भीतर भरता है. आदमी खाँसता है, गाली देता है, बाहर भागता है. मर कोई नहीं जाता." त्याने चारुलताबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "इसमें धुआँ काहे नहीं हुआ, बाईजी? आप तो इंजीनियर हो. बताओ न."

चारुलताबाईंनी त्याला सांगितलं. गॅस लाकडासारखा जळत नाही. त्याचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, खोकलाही येत नाही. थोडं गरगरतं, हातपाय जड होतात, आणि माणूस खाली बसतं. अंगावर कोमट पाणी पडत असतं, त्यामुळे थंडीही वाजत नाही. गेंदालाल लहान मुलासारखा मन लावून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने मफलर तोंडाला लावला.

या माणसाची कीव यावी की याच्या मुस्काटात मारावी हे चारुलताबाईंना कळेना. दोन्ही एकदम वाटत होतं. कुसुमताईंनी मंगळवारी याला चहा पाजला आणि हा उठून तडक जिन्यावर गेला.

"और पराग? उससे सही करवा लेते? चुप बैठे रहते?"

"डर गया था. सोचा, लड़का नया है, छूट जाएगा. मैं जेल में मर जाऊँगा." मग तो म्हणाला, "गाँठ खोलने का बहुत मन हुआ. नहीं खोल पाया. बोरा तो पुलिस ने निकाला, मैंने कहाँ निकाला."

"चलिए," चारुलताबाई उठल्या. "पर एक बात बताइए. पराग आपके बेटे जैसा था. तीस साल का घर था, माना. पर इतनी बुरी बात मन में आई कैसे?"

गेंदालाल पिशवी खांद्याला लावत होता. तो म्हणाला, जाऊ द्या, बाईजी. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो खाली बघून बोलला. दुकानाच्या उद्घाटनाला तो नारळ घेऊन आला होता. चार माणसं उभी होती, कुसुमबाई होत्या. आणि चारुलताबाई सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या होत्या, गेंदालालजी, अब बंब का ज़माना गया. अब आप घर बैठो, माधव नगर पराग सँभाल लेगा. सगळे हसले होते. कुसुमबाईसुद्धा.

चारुलताबाईंनी आठवून पाहिलं. उद्घाटन आठवलं, पेढे आठवले, परागचा नवा शर्ट आठवला. म्हातारा आला होता हेही आठवलं. ते वाक्य मात्र काही केल्या आठवेना.

६

पावणेचारला त्या गेंदालालला घेऊन ठाण्यात आल्या. परागने उस्तादांना दारात पाहिलं आणि सवयीने उठून त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली. घेतल्यावर त्याची नजर कडीकडे गेली. पिशवी त्याने हळूच बाकावर ठेवली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

गेंदालालने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मंगळवारचा चहा, पाना, चौथी पायरी. राठौर मॅडमचा मुन्शी लिहून घेत होता. निखिललाही बोलावलं होतं. तो ऐकत राहिला आणि मध्येच बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला. कालपासून त्याला पहिल्यांदाच सवड मिळाली असावी.

"वजह?" मॅडमनी विचारलं. "इतने साल का रिश्ता, घर की चाय पी, फिर भी क्यों?"

गेंदालालने चारुलताबाईंकडे पाहिलं नाही. "लालच आ गया था, साहब," तो म्हणाला. "ग्राहक हाथ से जा रहे थे. लालच, और क्या."

मुन्शीने लिहिलं, लालच. कागद अंगठ्यासाठी पुढे सरकवला. परागचं कोरं बयान टेबलावर तसंच पडलं होतं आणि त्याची गरज आता उरली नव्हती. पराग सुटला होता. चारुलताबाईंना हवं होतं ते सगळं झालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. म्हाताऱ्याने त्यांच्यासाठी तेवढी सोय करून ठेवली होती, त्याही परिस्थितीत. ते त्यांना सहन झालं नाही.

"ये पूरा नहीं है," त्या म्हणाल्या. "इसके आगे लिखिए."

"बाईजी, रहने दो," गेंदालाल म्हणाला.

"लिखिए." आणि त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, बंबापासून माधव नगरापर्यंत. कोण म्हणालं, कुठे म्हणालं, कोणकोण हसलं. मुन्शी लिहिता लिहिता दोनदा थांबला, त्यांनी त्याला दोनदा पुढे लिहायला लावलं. राठौर मॅडम म्हणाल्या, कायद्याने याला काही अर्थ नाही. चारुलताबाई म्हणाल्या, मला माहीत आहे.

पराग भिंतीपासून पुढे आला होता.

"तू असं म्हणालीस?"

"म्हणाले असेन. मला आठवत नाही."

"त्यांना आठवत होतं," पराग म्हणाला.

त्यात राग नव्हता, की दुःखही नव्हतं. एखाद्याने गळती कुठे आहे ते दाखवावं तसं तो म्हणाला. चारुलताबाईंना वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं. चौदा वर्षांत हा मुलगा आपल्यावर एकदाही ओरडला नाही, आणि आपण त्याला समंजसपणा समजत आलो.

गेंदालालला आत नेलं. जाता जाता तो परागपाशी जरा थांबला आणि पुढे गेला. सुतळी पुराव्यात जमा झाली. पिशवी घरी द्यायला मॅडमनी परवानगी दिली, तेव्हा परागने ती उचलली.

"उस्तादांच्या घरी अजून कोणी सांगितलं नसेल," तो म्हणाला. "चाची एकटीच असेल."

"मी येते," चारुलताबाई म्हणाल्या आणि त्याच्या मागोमाग फाटकाबाहेर आल्या. परागने स्कूटर सुरू केली, पिशवी पायांशी ठेवली. चारुलताबाई नेहमीसारखा पदर खोचून मागे बसायला पुढे झाल्या.

"तू नको येऊस, मावशी," तो म्हणाला. "तू रिक्षाने घरी जा."

तो गेला. रस्त्याने रिकाम्या रिक्षा जात होत्या, एक-दोघांनी वेग कमी करून विचारलंही. चारुलताबाई बराच वेळ फाटकाशी उभ्या राहिल्या आणि मग पायीच निघाल्या.